कमलिनीबाईंचा दुधी

कमलिनीबाई दिघे भित्र्या होत्या, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेल्या की गॅस बंद केला का हे पाहायला त्या परत येत. मुलगा समीर बंगळूरहून विमानात बसला की तो उतरल्याचा फोन येईपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. भोपाळला पिपलानीच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं. त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या की साठ पोरं चिडीचूप बसत. पण संध्याकाळी स्कूटरवर नवऱ्याच्या मागे बसल्या की त्याच्या खांद्यात बोटं रुतवून बसत. अच्युतराव तिथल्याच सरकारी कारखान्याच्या टर्निंग शॉपमध्ये, लेथवर होते. बोलणं कमी, हाताला काम जास्त. बायकोच्या भित्रेपणाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. गॅस पाहायला तेही तिच्याबरोबर परत येत.

दोघं निवृत्त झाली, कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं आणि ती शहराच्या टोकाला, मिसरोदला एका नव्या कॉलनीत राहायला आली. तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. दिवसभर मोबाइल हातात, आणि मोबाइलवर भाजीचे व्हिडिओ. दुधीला सुई टोचून तो एका रात्रीत फुगवतात, परवलांना हिरवा रंग देतात, पालक नाल्याच्या पाण्यावर वाढवतात. भोपाळमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हवा, पाणी आणि माती यांच्याविषयी शंका घ्यायला कुणी शिकवावं लागत नाही. कमलिनीबाई ठेल्यावरची भाजी मिठाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवू लागल्या, मग दोन तास, आणि शेवटी एक दिवस त्यांनी जाहीर केलं की आता घरचंच पिकवायचं.

घरामागे बारा पावलं लांब आणि पाच पावलं रुंद अशी पट्टी होती. बिल्डरनं तिच्यात विटांचे तुकडे आणि वाळलेलं सिमेंट गाडून ठेवलेलं. अच्युतरावांनी पहार घेतली आणि दोन महिने ते सगळं उकरून काढलं. मग काळी माती आली, शेणखत आलं, कोपऱ्यात ओल्या कचऱ्याचा ड्रम आला. पहिल्या वर्षी भेंडीवर मावा पडला आणि टोमॅटो फुटले. दुसऱ्या वर्षी मात्र त्या पट्टीनं दोघांना चकित केलं. भेंडी अशी कोवळी की कढईत घालताच मऊ व्हायची. गवार, चवळी, लाल माठ, तांदुळजा, भिंतीवर दोडका. सकाळी सहाला बाई टोपली घेऊन मागे जात, आणि त्या तासाभरात त्यांना कशाचीही भीती वाटत नसे. हे त्यांच्या स्वतःच्याही उशिरा लक्षात आलं.

दोघांना पुरून उरायचंच. मग त्या वाटू लागल्या. शेजारच्या सोनलला चवळी, समोरच्या घरी मिरच्या, वॉचमनला वांगी. सोनल त्यांची लेक शोभेल अशा वयाची. नवरा सुयश मंडीदीपच्या एका कारखान्यात, आणि दोन वर्षांची पिहू. पिहूला पहिली पालेभाजी भरवली ती बाईंच्या तांदुळजाची. वर्षभरात त्या गल्लीत त्यांना 'भाजीवाल्या काकू' म्हणून सगळे ओळखू लागले. अच्युतरावांची साखरही खाली आली. बागेतल्या योगवर्गात कुणी तरी त्यांना रोज सकाळी दुधीचा रस घ्यायला सांगितलं होतं. बाई घरच्या दुधीचा रस काढत, त्यात आवळा, पुदिना, काळं मीठ घालत, आणि ते काही न बोलता पेला रिकामा करत. रसानं बाईंना पित्त व्हायचं, म्हणून त्या स्वतः घेत नसत.

त्या वर्षी पावसाळ्यात ड्रमशेजारी दुधीचा एक वेल आपणहून उगवला. बाईंनी लावलेला वेल दुसऱ्या टोकाला होता, पाकिटातल्या बियांचा. हा त्याच्याहून जोरकस. पंधरा दिवसांत तो भिंतीवरून पलीकडे गेला, पानं ताटाएवढी. अच्युतरावांनी त्याच्यासाठी तारेचा मांडव केला. पितृपक्षाच्या सुमारास त्याला पहिले दुधी लागले, गोलसर, फिकट हिरवे, तळहातानं थोपटावेसे वाटणारे. एका सोमवारी बाईंनी त्यातले दोन काढले. एक स्वतःला ठेवला आणि एक सोनलला दिला. सोनल दुपारी पिहूला घेऊन दोन दिवसांसाठी माहेरी, टी. टी. नगरला निघाली होती. म्हणाली, "काकू, आईला देते, कोफ्ते करेल."

मंगळवारी सकाळी सातला बाईंनी नेहमीसारखा रस काढला. अच्युतरावांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"आज कडू आहे."

"आवळा जास्त पडला असेल," बाई म्हणाल्या. त्या पोळीची कणीक मळत होत्या.

"आवळ्याचा कडूपणा नाही हा."

"अहो, औषध म्हणून घ्या. घरचा आहे, बाजारचा थोडाच आहे? त्यात काय असणार आहे?"

अच्युतरावांनी बायकोकडे पाहिलं, पेला उचलला आणि एका दमात संपवला.

वीस मिनिटांनी ते न्हाणीघरात गेले ते बाहेर येईनात. बाईंनी दार ढकललं तेव्हा ते भिंतीला हात लावून ओकत होते. बाईंना वाटलं, साखर कमी झाली. मशीन आणून त्यांनी बोटाला सुई टोचली. साखर ठीक होती. दुसरी उलटी झाली, तिसरी झाली. पोटात पिळा पडून अच्युतराव जमिनीवरच बसले आणि चौथ्या उलटीत बाईंना लाल दिसलं. आधी त्यांना ते बिट वाटलं. मग आठवलं, घरात आठवडाभर बिट आलेलं नव्हतं.

सुयश नुकता आंघोळ करून निघत होता. त्यानं काही न विचारता गाडी काढली. होशंगाबाद रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात त्यांना उतरवलं, स्ट्रेचर येईपर्यंत थांबला, आणि पाळीची वेळ झाली म्हणून दुपारी येतो सांगून मंडीदीपला गेला. बाईंनी मान हलवली. तो काय म्हणाला ते त्यांना नीट ऐकूही आलं नव्हतं.

आतली डॉक्टर मुलगीच म्हणावी अशी होती. तिनं सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारलं. बाई म्हणाल्या, खाल्लं काहीच नाही, नुसता ज्यूस घेतला. कशाचा, तर दुधीचा, लौकीचा. डॉक्टरीणबाईंचा हात कागदावर थांबला.

"कड़वा था क्या?"

एवढा लहान प्रश्न. माहीत नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? अच्युतराव पडद्यामागे कण्हत होते. ते काही बोलले नसते. पण त्याच क्षणी बाईंना वाटलं, आपण हे लपवलं आणि त्यामुळे औषध चुकलं तर? एका भीतीनं दुसरीला ढकलून दिलं.

"हाँ," त्या म्हणाल्या. "उन्होंने कहा था। मैंने फिर भी पिला दिया।"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी भराभर काही लिहिलं, नर्सला हाक मारली आणि मग बाईंना समजावलं. कडू दुधी विषारी असतो. त्यावर उतारा असं औषध नाही. सलाइन, पोटाची औषधं आणि रक्तदाबावर नजर, एवढंच हातात. चोवीस तास जाऊ द्यावे लागतील. सांगितलंत ते बरं केलंत, नाही तर आम्ही भलतंच शोधत बसलो असतो. आणि वळता वळता त्यांनी विचारलं, हा दुधी घरात आणखी कुणी खाल्ला नाही ना?

दुसरा दुधी. कोफ्ते. पिहू.

त्यांनी सोनलला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. सुयशला लावला तर बंद. कारखान्यात फाटकावरच मोबाइल काढून ठेवायला लावतात हे तोच एकदा बोलला होता. सोनलच्या आईचा नंबर बाईंकडे नव्हता. त्या सोनलला लावत राहिल्या. सात, आठ, अकरा वेळा. दर वेळी शेवटच्या घंटीपर्यंत त्या ऐकत आणि मनात एक चित्र सरकत जाई: पिहू टाचा वर करून आजीच्या ओट्याशी उभी आहे, आजी तिला गरम कोफ्ता फुंकून देते आहे. मोठ्या माणसाचं एका पेल्यानं हे झालं. त्या पोरीचं काय होईल?

आयसीयूत त्यांना दोन मिनिटं सोडलं. अच्युतरावांच्या दोन्ही हातांत सुया होत्या, ओठ पांढरे पडले होते. बाईंनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, त्या वेलाचा एक दुधी सोनलनं माहेरी नेलाय, फोन लागत नाही. नवऱ्याला असं टाकून जाते, हे कसं म्हणायचं? अच्युतरावांनी डोळे उघडले.

"तू जा," ते म्हणाले. "पोर लहान आहे."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातोय? जा."

नर्सनं बाईंचा नंबर लिहून घेतला. रिक्षात बसल्यावर त्यांना कळलं, आपल्या पायांत घरातल्या सपाता आहेत. शहर नेहमीसारखं चाललं होतं. सिग्नलला लोक हसत होते, कुणी पोहे खात उभं होतं. बाईंच्या हातात फोन होता आणि त्याची त्यांना दोन्ही बाजूंनी धास्ती वाटत होती. तो वाजला तर रुग्णालयाचा असेल, आणि नाही वाजला तर सोनलचा नाही. शाळेत मुलांना त्या सांगत, घाबरलात की आकडे मोजा. त्या विजेचे खांब मोजू लागल्या आणि तेविसाव्याला विसरल्या.

सोनलच्या माहेरी त्या एकदाच, हळदीकुंकवाला गेल्या होत्या. सरकारी क्वार्टरांची लांबच लांब ओळ. सगळी घरं एकसारखी. रिक्षा सोडून त्या चालत सुटल्या. दोन दारं चुकली. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बोट दाखवलं, आणि बाईंना ओसरीवर सोनलची आई सरोजताई तांदूळ निवडताना दिसल्या. त्यांच्या मागे, आतल्या खोलीत, खाटेवर पिहू पालथी झोपली होती. सकाळचे साडेदहा. या वेळेला ती कधी झोपत नसे.

बाईंनी विचारलं ते शब्द त्यांना नंतर आठवले नाहीत. सरोजताई घाबरून उठल्या. म्हणाल्या, पिहू बरी आहे, रात्री नवीन जागेत झोपली नाही म्हणून आत्ता झोपली. तिची झोप मोडू नये म्हणून सोनलनं फोनचा आवाज बंद करून ठेवलाय आणि ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलीय. बाई सरळ आत गेल्या, पिहूच्या पाठीवर हात ठेवला. पाठ उबदार होती, वरखाली होत होती.

"दुधी खाल्ला का? सरोजताई, तो दुधी खाल्लात का?"

"नाही हो. फेकला."

"फेकला?"

सरोजताई जरा ओशाळल्या. "मी दुधी चिरला की आधी एक चकती जिभेला लावून बघते. माझी आई तसं करायची. हा कडू जहर निघाला. तिथल्या तिथं केरात टाकला. सोनलला म्हटलं, काकूंना कळवू या का, तर तिला वाटलं, इतक्या हौसेनं दिलाय त्यांनी, कडू निघाला म्हणून काय सांगायचं..." बोलता बोलता त्या थांबल्या. बाईंचा चेहरा आणि पायांतल्या सपाता त्यांना आत्ता दिसल्या. "काय झालंय?"

बाईंनी सांगितलं. सरोजताईंनी खाटेची कड धरली.

"काल संध्याकाळी फोन केला असता आम्ही," त्या हळू म्हणाल्या, "तर हे झालंच नसतं."

कमलिनीबाई पिहूशेजारी खाटेवर बसल्या होत्या. पोर बरी आहे हे आत पोचायला वेळ लागत होता.

"मला तर त्यांनी स्वतः सांगितलं होतं, सरोजताई," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडावर सांगितलं होतं."

परतताना सोनल त्यांच्याबरोबर आली. वाटेत ती रडली. बाई नाही रडल्या. दुपारी अच्युतरावांचा रक्तदाब घसरला आणि काचेच्या पलीकडे तीन माणसं त्यांच्या पलंगाभोवती गोळा झाली, तेव्हाही त्या रडल्या नाहीत. भीती एवढी झाली होती की तिला वाटच मिळत नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हजार आपत्ती मनात रंगवल्या होत्या, आग, अपघात, विजेचा धक्का. त्यांतल्या कुठल्याच चित्रात त्यांचा स्वतःचा हात नव्हता. संध्याकाळी रक्तदाब सावरला. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीनं पोट पाहिलं. आत जखमा होत्या, पण भरून येण्यासारख्या. चौथ्या दिवशी त्यांना साध्या खोलीत आणलं आणि आठव्या दिवशी घरी सोडलं.

मधल्या काळात समीर येऊन पोचला होता. त्यानं आईला दोष दिला नाही, पण शब्द मोजूनमापून बोलला. आता हे बंद कर, सगळं घरपोच मिळतं, गवंडी बोलावतो आणि मागे फरशी घालून टाकतो. बाईंनी हो म्हटलं. ड्रमशेजारचा वेल त्यांनी रुग्णालयातून आंघोळीला घरी आलेल्या दिवशीच उपटला होता. हातांना जाड पिशव्या बांधून, मांडवासकट, लहान दुधी पिशवीत भरून वर 'विषारी' असं लिहून. त्यानंतर त्या मागचं दार उघडत नव्हत्या. भेंडी झाडावर जून झाली, गवार वाळली.

समीर परत गेला. बाई ठेल्यावरची भाजी आणत, चाखत, शिजवून पुन्हा चाखत आणि अर्धा तास थांबून मग नवऱ्याला वाढत. अच्युतरावांना मऊ भात आणि पातळ वरणच चालत होतं, त्यातलंही निम्मं ते ताटात ठेवत. एका दुपारी त्यांनी वरणातली पालेभाजी चमच्यानं उचलून पाहिली.

"ही कुठली?"

"ठेल्यावरची."

"मागे तांदुळजा आहे ना आपला?"

"आहे. वाढलाय," बाई म्हणाल्या. "मला नाही करवत. मला भीती वाटते."

अच्युतराव म्हणाले, "कमल, जीभ माझी होती. पहिल्या घोटाला मला कळलं होतं. ओतून देता आलं असतं."

"माझ्यासाठी प्यायलात तुम्ही."

"हो. पण ते काही बरं केलं नाही मी." त्यांनी चमचा खाली ठेवला. "आता यापुढे कडू लागलं तर मी टाकून देणार. तू कितीही म्हटलंस तरी. आणि तू करायचं नाही असं नको करूस. मला तो तांदुळजा हवाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मागचं दार उघडलं. पट्टी रानासारखी झाली होती, पण तांदुळजा गुडघ्याएवढा, हिरवागार उभा होता. त्यांनी शेंडे खुडले. प्रत्येक मूठ खुडताना एक पान तोंडात घातलं, चावलं, थांबल्या. अकरा वाजता त्यांनी तो मुगाच्या डाळीत शिजवला, आधी स्वतः वाटीभर खाल्ला आणि घड्याळासमोर बसल्या. एक वाजता अच्युतरावांना वाढला. त्यांनी पहिला घास घेतला, आणि बाई त्यांच्या चेहऱ्याकडे अशा पाहत राहिल्या की ते शेवटी हसले. त्या दिवशी प्रथमच त्यांनी ताट स्वच्छ केलं आणि पुन्हा भात मागितला. बाई तासभर समोरून हलल्या नाहीत. तास झाला. अच्युतरावांनी चहा मागितला.

फरशी घालायला येणाऱ्या गवंड्याला त्यांनी नको म्हणून कळवलं. मनात एक शंका राहिली होती: आता आपली भाजी कुणी घेईल का? गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत झालं होतं. वाटायला जायचा धीर त्यांना होईना. दिवाळीनंतर मेथीचे वाफे तयार करत होत्या तेव्हा सोनल पिहूला कडेवर घेऊन मागच्या दाराशी आली. म्हणाली, काकू, मेथी निघाली की आम्हालाही द्याल ना? बाई उठून उभ्या राहिल्या, हाताची माती झटकली. म्हणाल्या, देईन, पण तुझ्यासमोर आधी मी खाईन, आणि कशालाही वेगळी चव लागली तर त्याच मिनिटाला मला सांगायचं, वाईटबिईट वाटण्याचा विचार करायचा नाही. सोनलनं कबूल केलं.

आता त्या गल्लीत तसंच चालतं. बाई टोपली घेऊन दारात जातात, काकडी असो, दोडका असो, दुधी असो, चकती कापून आधी स्वतः खातात आणि मग देतात. ड्रमशेजारी आपणहून काही उगवलं तर, कुठल्या बीचं कोण जाणे म्हणून, दोन पानांवर असतानाच उपटतात. दुधीचा वेल दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा लावला, पाकिटातल्या बियांचा, आणि त्याला पहिला दुधी लागला तेव्हा त्या दोन रात्री नीट झोपल्या नाहीत. तो निघाला गोड. अच्युतराव रस आता घेत नाहीत. त्यांना दुधीची भाजी चणाडाळ घालून आवडते. बाई अजून भितात. पण सकाळी सहाला मागचं दार उघडतात, आणि हल्ली त्यांच्या मागोमाग पिहूही येते, चिखलात बसून मुळ्याचा पाला उपटते आणि न धुताच तोंडात घालते. मग बाई धावत जाऊन तिच्या तोंडातून तो काढतात, धुतात, स्वतः चावून पाहतात आणि तिला परत देतात.